सात आवर्त, अठरा गण आणि टेंभूचं पाणी

विट्याजवळच्या एका द्राक्षबागायतदारांचा प्रश्न आला आहे. मुलगी दहावीला. विज्ञानाचं पुस्तक घेऊन ती घरात मोठ्यानं पाठ करत होती, "आधुनिक आवर्तसारणीत सात आवर्त आणि अठरा गण आहेत." सोप्यात बसलेले आजोबा म्हणाले, "सात आवर्तनं? आपल्याला तीन मिळाली तरी नशीब!" हसून झाल्यावर वडिलांनाच शंका आली आणि त्यांनी ती लिहून पाठवली. पुस्तकातलं ‘आवर्त’ आणि आमचं टेंभू उपसा सिंचन योजनेच्या कॅनॉलचं ‘आवर्तन’, म्हणजे पाणी सुटण्याची पाळी, एकच का? सारखे गुणधर्म जर उभ्या रकान्यात सापडतात, तर आवर्त हे नाव आडव्या ओळीला कसं? आणि आवर्तसारणी, आवर्त सारणी, आवर्ती सारणी असं तीन तऱ्हांनी छापलेलं दिसतं, त्यातलं बरोबर कोणतं?

आजोबांचं काही चुकलेलं नाही. शब्द एकाच घरातले आहेत. ‘वृत्’ हा मूळ धातू, त्याला ‘आ’ लागला की अर्थ होतो वळून येणं, फिरून त्याच जागी येणं. त्यातून आवर्त, आवर्तन, आवर्ती, आवृत्ती, पुनरावृत्ती. कराडला प्रीतिसंगमाच्या पाण्यात भोवरा दिसतो, तोही संस्कृतात आवर्तच. तुमच्या मुलीला भूगोलात आवर्त भेटतो तेव्हा ते वादळ असतं, गणितात 1 ला 3 नं भागलं की आवर्ती दशांश निघतो, पतसंस्थेत आवर्ती ठेव असते आणि सांगलीच्या गणपतीसमोर अथर्वशीर्षाची आवर्तनं होतात. आवरण, आवृत हे मात्र या घरातले नव्हेत. ते ‘वृ’चे, म्हणजे झाकण्याचे. दिसायला सारखे म्हणून त्यांना या पंक्तीला बसवू नये.

आता आडव्या ओळीचं. ही अडचण खरी आहे आणि तिचं उत्तर माझ्या मते शाळेपेक्षा चारीवर लवकर सापडतं. माझे चुलते कृष्णा कालव्यावर पाटकरी, म्हणजे पाणी वाटून देणारे, होते. त्यांच्याकडं शेजपाळीचा कागद असायचा. कोणाचं रान, कोणतं पीक, पाणी कोणत्या वारी किती वाजता सुरू आणि कधी बंद, सगळं ओळीनं मांडलेलं. शेजपाळीत पाणी शेवटाकडून सुरुवातीकडं येतं; टेलचा शेतकरी आधी, मुखाजवळचा शेवटी. सगळ्यांचं भिजून झालं की एक आवर्तन संपलं. पुढचं सुटलं की पुन्हा टेलपासून. चुलते प्रत्येक आवर्तनाचा कागद आधीच्या कागदाखाली टाचणीनं लावायचे. अशा कागदांवर सुरुवातीची नावं एकाखाली एक येतात, शेवटची नावंही एकाखाली एक. आवर्तन म्हणजे ती अख्खी फेरी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची. फेरी आडवी चालते. सारखेपणा उभा दिसतो, कारण फेऱ्या एकाखाली एक मांडल्यात.

आवर्तसारणीत मूलद्रव्यं अणुअंकाच्या, म्हणजे अणूतल्या प्रोटॉनांच्या संख्येच्या क्रमानं चालतात. लिथियम 3, बेरिलियम 4, असं करत फ्लोरिन 9, निऑन 10. अकराव्याला सोडियम येतं आणि ते लिथियमसारखंच वागतं, म्हणून तिथं ओळ मोडायची आणि सोडियम लिथियमखाली लिहायचं. एक आवर्त संपला. पुढं एकोणिसाव्याला पोटॅशियम, पुन्हा तोच स्वभाव, पुन्हा ओळ मोडायची. आमच्या शाळेत सोडियम रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवलेलं असे. सरांनी हरभऱ्याएवढा तुकडा चिमट्यानं काढून पाण्याच्या परातीत टाकला, तर तो सुर्रकन पळत सुटला आणि बघता बघता विरघळून गेला. पोटॅशियम टाकलं असतं तर पेटलंच असतं, असं सर म्हणाले. लिथियम त्या मानानं शांत. उभ्या रकान्यात खाली जावं तसा हा तापटपणा वाढतो.

दाखला इथं थोडा लंगडा पडतो. चारीवर पुढच्या पाळीला तोच शेतकरी परत येतो. सारणीत तोच येत नाही, त्याच्या भावकीतला येतो. शिवाय इथल्या फेऱ्या सारख्या लांबीच्या नाहीत. पहिल्या आवर्तात दोनच मूलद्रव्यं, मग 8, 8, 18, 18, 32 आणि 32. तबलजी हे चालवून घेणार नाही, त्याच्या तीनतालाचं आवर्तन सोळा मात्रांचं म्हणजे सोळाचंच. पाटकऱ्याला मात्र यात काही वावगं वाटणार नाही. भिजवायचं क्षेत्र वाढलं की आवर्तन लांबतं.

इंग्रजीतल्या पिरियडचं मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ ‘भोवतालची वाट’, म्हणजे फेरीच. त्या एकाच शब्दात इंग्रजी माणूस शाळेचा तास, मासिक पाळी आणि सारणीतली ओळ असं सगळं भागवतो. आपण तिघांना तीन शब्द दिले. खरं तर ‘पाळी’ हा शब्द इथंही शोभला असता. पाण्याची पाळी, कारखान्यातली रात्रपाळी, सगळ्यांत फिरून येणं आहेच. पण परिभाषा करणाऱ्यांना संस्कृतकडं जायची सवय, त्यामुळं आवर्त आला. वाईट आला नाही.

आठाचा घोळही यातच येतो. 1865 मध्ये न्यूलँड्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं मूलद्रव्यं अणुवजनाच्या क्रमानं लावली आणि त्याला दर आठवं मूलद्रव्य पहिल्यासारखं दिसलं. त्यानं नाव दिलं अष्टकांचा नियम. आपल्या गाणाऱ्यांना हे खटकतं, कारण आपण सप्तक म्हणतो. सात स्वर मोजतो आणि वरचा सा पुढच्या सप्तकाला देतो. पाश्चात्त्य मोजणीत दोन्ही टोकांचे सा धरतात, म्हणून आठ. ही मोजणी आपल्याला परकी आहे असं मात्र समजू नका. सात दिवसांना आपण आठवडा म्हणतो, या सोमवारपासून त्या सोमवारपर्यंत, दोन्ही सोमवार धरून. न्यूलँड्सचं अष्टक म्हणजे आपला आठवडाच. निऑनसारखे राजवायू तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, त्यामुळं लिथियमपासून सोडियम खरंच आठवं यायचं. पुढं राजवायू सापडले, एक रकाना वाढला आणि आज ते नववं येतं. 1866 साली लंडनच्या सभेत त्यानं हे मांडलं तेव्हा कोणीतरी खवचटपणे विचारलं, अकारविल्हे लावून पाहिलंत का? पुढं 1887 मध्ये त्याला डेव्ही पदक मिळालं.

राजवायूंना आधी ‘निष्क्रिय वायू’ म्हणत. 1962 मध्ये झेनॉनचं संयुग तयार झालं आणि निष्क्रिय हे विशेषण खोटं पडलं. राजवायू हा शब्द बरा. सहसा कोणात मिसळत नाहीत एवढंच तो सांगतो. साताऱ्याच्या लोकांना तो जास्तच आवडावा.

तुम्ही विचारलं नाही, पण मला ज्या शब्दावर जीव आहे तो ‘गण’. उभ्या रकान्याला हिंदीत वर्ग किंवा समूह म्हणतात. मराठीनं गण निवडला आणि त्यामुळं एक मजा झाली. संस्कृतच्या तासाला मुलं शिकतात, "वद् हा पहिल्या गणाचा धातू." पुढच्या तासाला विज्ञानाचे सर सांगतात, "सोडियम हा पहिल्या गणाचा धातू." वाक्य तेच. हा निव्वळ योगायोग आहे असंही म्हणवत नाही, कारण काम सारखं आहे. व्याकरणात धातूंचे दहा गण पाडले ते रूपं कशी चालतात यावरून. चौथ्या गणाला मध्ये ‘य’ लागतो. नृत्यति एकदा कळलं की कुप्यति कोणी वेगळं शिकवावं लागत नाही. रसायनातला गणही हेच करतो. सोडियमचा एक अणू क्लोरिनच्या एका अणूशी जोडी जमवतो आणि आपलं मीठ होतं, हे माहीत असलं की लिथियमचं आणि पोटॅशियमचं क्लोरिनशी काय जमेल ते पाठ करायची गरज नाही. एकास एकच. आणि क्लोरिनच्या जागी त्याच्याच गणातलं ब्रोमिन घेतलं तरी एकास एक.

का, ते इलेक्ट्रॉनांवरून कळतं. सोडियमचे अकरा इलेक्ट्रॉन 2, 8, 1 असे तीन कवचांत बसतात. कवचं तीन म्हणून आवर्त तिसरा. शेवटच्या कवचात एकच म्हणून गण पहिला. क्लोरिनचे 2, 8, 7. आवर्त तिसराच, गण मात्र सतरावा, कारण तेराव्यापासून पुढं गणाच्या आकड्यातून दहा वजा करायचे. एकाला एक टाकायचाय, दुसऱ्याला एक हवाय. मुलीला सांगा, सारणी पाठ करायची नसते. जागा बघायची आणि स्वभाव ओळखायचा, पत्रिकेत बघतात तसा. इथला गण मात्र जुळतोच.

जागेवरून स्वभाव सांगायचं धाडस मेंडेलीव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञानं केलं. 1869 मध्ये त्याच्यापुढं 63 मूलद्रव्यं होती. ओळी जुळेनात तिथं त्यानं मूलद्रव्य कोंबलं नाही, जागा मोकळी सोडली आणि जे सापडलंच नाही त्याला नाव दिलं: एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. हा ‘एका’ संस्कृत ‘एक’च आहे, सिलिकॉनखालचं पहिलं घर ते एका-सिलिकॉन. दोन घरं खाली असेल तर त्यानं ‘द्वि’ लावला. रशियन माणसानं संस्कृत का घ्यावं, यावर आपल्याकडं अभिमानानं बरंच बोललं जातं. त्याच्या काळात पीटर्सबर्गला पाणिनीचा अभ्यासक ब्योटलिंक होता हे खरं, पण पाणिनीवरून सारणी सुचली हा अंदाजच. छातीठोकपणे सांगू नये. मराठी मुलांची अडचण वेगळी असते. ती ‘एका’ला एकचं सामान्यरूप समजतात आणि ‘एका सिलिकॉनला’ असं पुढं काहीतरी येईल म्हणून वाट बघतात.

1875 मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडलं, तेच एका-ॲल्युमिनियम. शोधणाऱ्यानं घनता 4.7 मोजली. मेंडेलीव्हनं ते मूलद्रव्य डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, तरी कळवलं की 5.9 च्या आसपास हवी, नमुना पुन्हा शुद्ध करून मोजा. मोजली, तर 5.9 आली. हे गॅलियम तीस अंशांच्या जरा आतच वितळतं. वैशाखात सांगलीला आणलं तर बाटलीत पातळच राहील. पुढं 1879 मध्ये स्कँडियम आणि 1886 मध्ये जर्मेनियम सापडून बाकीची दोन घरंही भरली.

मेंडेलीव्ह वजनाचा क्रम धरून चालला होता, पण टेल्युरियम आयोडिनपेक्षा जड असूनही त्यानं आधी ठेवलं, कारण आयोडिन स्वभावानं क्लोरिनच्या भावकीतलं होतं. नियम मोडून भावकी सांभाळली आणि ते बरोबर निघालं. 1913 मध्ये मोझले या इंग्रज शास्त्रज्ञानं क्रम वजनाचा नव्हे, अणुअंकाचा धरायचा हे दाखवलं. टेल्युरियम 52, आयोडिन 53.

तुमच्या बागेच्या शेडमध्येही ही सारणी आहे, नावं तेवढी वेगळी. पोत्यावर 10:26:26 लिहिलेलं असतं ते नत्र, स्फुरद, पालाश या क्रमानं. पुस्तकात तेच नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम. नत्र आणि स्फुरद पंधराव्या गणात एकाखाली एक. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या डब्यावरचं मंगल म्हणजे मँगनीज 25, लोह 26, तांबं 29, जस्त 30, चौघंही चौथ्या आवर्तात, जवळजवळ खेटून. बोरॉन दुसऱ्यातलं आणि मॉलिब्डेनम पाचव्यातलं, ते दोघं बाहेरगावचे. माझं स्वतःचं मत विचाराल तर स्फुरद हा फॉस्फरसपेक्षा सरस शब्द आहे. अंधारात स्फुरतो तो स्फुरद. शेतीनं तो जपला आणि शाळेनं सोडला, हे मला फारसं पटत नाही.

राहिलं लेखन. ‘आवर्ती सारणी’ म्हटलं की सारणीच फिरून फिरून येते असा भास होतो, आवर्ती ठेवीत ठेवच दर महिन्याला येते तसा. इथं सारणी एकच आहे, फिरून येतात ते गुणधर्म. आवर्तांची सारणी ती आवर्तसारणी, षष्ठी तत्पुरुष, म्हणून जोडून. ‘आवर्ती वर्गीकरण’ चालेल. सारणी या शब्दाचा संस्कृत कोशातला एक अर्थ पाण्याचा पाट असाही आहे. ज्योतिषांनी तो ग्रहगणिताच्या तक्त्याला लावला आणि तिथून आपल्याकडं आला. म्हणजे आजोबांना दोन्ही पदांत पाणीच ऐकू आलं असतं तरी चाललं असतं. तुमच्या चिठ्ठीत ‘मुलद्रव्य’ आहे, तिथं मू दीर्घ करा. एकटा धातू दीर्घ, पण धातुसदृश ऱ्हस्व. अणू दीर्घ, अणुअंक ऱ्हस्व. पेपरात मुलीनं ‘आवर्त’च लिहावं, ‘आवर्तन’ लिहिलं तर तपासणाऱ्याच्या मनावर आहे.

आणि आजोबांना सांगा, सातव्या आवर्तातल्या उरलेल्या चार घरांना 2016 मध्ये नावं मिळाली, 118 व्या घरापर्यंत भिजवून झालं. आठवं अजून सुटलेलं नाही.