लेखकांचा आभार की लेखकांचे आभार?

प्रश्न बडोद्याच्या दांडिया बाजारातून आला आहे. तिथल्या एका मराठी प्रकाशकांच्या व्यवसायाला ५० वर्षे झाली, म्हणून त्यांच्या लेखकांनी मिळून गौरव अंक काढला. त्यावर प्रकाशकांनी लेखकांना लिहिलेल्या पत्रात दोन वाक्ये आहेत : ‘मी सर्व लेखकांचा मनःपूर्वक आभार मानतो’ आणि ‘मला तुमच्या ऋणातच राहायला आवडेल’. मुद्रिते तपासणाऱ्या बाईंना पहिले वाक्य खटकते, पण का ते सांगता येत नाही.

खटकते ते बरोबरच. मराठीत आभार अनेकवचनीच असतात : तुमचे आभार, आभार मानले, किती आभार मानू. हाल आणि लाड त्याच जातीचे. ‘माझा हाल झाला’ असे कोणी म्हणत नाही. अडचण अशी की अशा पुल्लिंगी नामाचे रूप अनेकवचनात बदलत नाही. एक देव, अनेक देव, शब्द तोच. वचन कळते ते शेजारच्या चा-चे वरून आणि क्रियापदावरून. गुजरातीत हाच शब्द एकवचनी आहे : ‘आपनो खूब खूब आभार’, ‘आभार मान्यो’. दिवसभर गिऱ्हाइकांशी गुजराती बोलणाऱ्याच्या लेखणीतून त्या ‘नो’चा ‘चा’ होऊन उतरला, तर नवल नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीच्या शेजाराने ‘धन्यवाद दिला’ होते. मराठीत धन्यवादही ‘दिले’च जातात.

पण सगळा दोष गुजरातीवर ढकलू नये. ‘मी लेखकांचा आभारी आहे’ हे वाक्य चोख मराठी आहे आणि त्यातही ‘चा’ आहेच. तो ‘चा’ मात्र बोलणाऱ्या पुरुषाचा. बाई असती तर ‘मी लेखकांची आभारी आहे’ म्हणाली असती. ‘आभारी आहे’ आणि ‘आभार मानतो’ ही दोन वाक्ये घाईत एकमेकांत मिसळली की पत्रातले वाक्य तयार होते.

दुसऱ्या वाक्याबद्दल विचारलेले नाही, तरी सांगतो. व्याकरणाने त्यात काही चूक नाही, उलट ते प्रत्येक सत्कारात ऐकू येते. शिक्षकाने, शेजाऱ्याने, नेत्याने खुशाल म्हणावे. प्रकाशकाने लेखकांना मात्र नको! त्यांच्यात मानधनाचा हिशेब असतो, आणि ‘ऋणातच राहायला आवडेल’ हे वाचून एखादा मिस्कील लेखक मागच्या आवृत्तीचा आकडा विचारायचा. काही जण हेच थोडे बदलून ‘ऋण व्यक्त करतो’ लिहितात, तेही मला पटत नाही. ऋण मान्य करावे, फेडावे, त्याचा निर्देश करावा. व्यक्त करायची ती कृतज्ञता.

पत्र अजून छापायचे असेल, तर मी असे लिहीन : ‘माझ्या सर्व लेखकांचे मनःपूर्वक आभार. तुम्ही हस्तलिखिते विश्वासाने माझ्या हाती दिलीत, याबद्दल मी कृतज्ञ आहे.’ आणि छापून झाले असेल, तर पुढच्या पत्रापुरते ‘चा’चे ‘चे’ करावे. शुद्धिपत्र काढण्याएवढी ही चूक नाही.