धमकी पोकळ, पण घराचं काय?

प्रश्न : मी ३४ वर्षांची, नाशिकला राहते. आठ वर्षांपासून मैत्रिणीबरोबर संसार करतेय. आम्ही दोघी अविवाहित, हिंदू. फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर आहे, हप्ते दोघी भरतो. तिचा भाऊ म्हणतो, ‘३७७ लावून दोघींना आत टाकतो, आणि तिच्यामागे घर आमचंच.’ हे खरं आहे का?

सल्ला : ताई, पहिल्या धमकीत काही दम नाही. दुसरीत आहे.

३७७ हे इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं, समलिंगी संबंधही गुन्हा ठरवणारं कलम. शिक्षा थेट जन्मठेपेपर्यंत. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध त्यातून वगळले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. जी जोडपी धीर करून उघडपणे राहू लागली होती ती एका सकाळी पुन्हा गुन्हेगार ठरली, याचं मला आजही वाईट वाटतं. अखेर ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही टांगती तलवार काढली. न्या. इंदू मल्होत्रा यांनी तर लिहिलं की इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. आता १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ३७७ नाहीच. पोलीस आलेच तर दोघींनी एवढाच जबाब द्यायचा : आम्ही सज्ञान आहोत, स्वखुशीने एकत्र राहतो.

घराचं मात्र तसं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे कायद्याच्या लेखी तुम्ही तिच्या कोणीच नाही. उद्या तिचं बरंवाईट झालं तर घर आई-वडिलांकडे, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे त्या भावाकडेही. नुसते हप्ते भरल्याने तुम्ही मालक होत नाही. तरी तुमचा वाटा रोखीने देऊ नका, बँकेतूनच पाठवा.

तिला लगेच मृत्युपत्र करायला सांगा. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदार हवेत, पण तुम्ही साक्षीदार होऊ नका, नाहीतर मृत्युपत्रावर शंका घ्यायला भावाला जागा मिळेल. नोंदणी सक्तीची नाही, तरी कराच, आणि ती शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखलाही जोडा. सोसायटीत नॉमिनी म्हणून तुमचं नाव लावा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकींना नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

नोंदणीच्या दिवशी मात्र तुम्ही तिच्याबरोबर जाऊ नका. तुम्ही शेजारी उभ्या होतात, हे भाऊ उद्या कोर्टात ‘दबाव टाकला’ म्हणून सांगेल.