पाचट विकायचं की सरीत ठेवायचं?

प्रश्न (शिरोळ व कागल तालुके): पाचटापासून (उसाच्या वाळलेल्या पाल्यापासून) इथेनॉल, लॅक्टिक ॲसिड बनतं म्हणून दलाल पाचट मागतोय. द्यावं का? दुकानदार सांगतो, यीस्टचा कॅन ओता, पाचट शेतातच आंबेल. खरं आहे का?

उत्तर: कॅन घेऊ नका. यीस्ट साखर आंबवतं, पाचट नाही. पाचटातली साखर सेल्युलोज व हेमिसेल्युलोज या तंतूंच्या रूपात बांधलेली असते आणि तिच्याभोवती लिग्निन, म्हणजे पाल्याला कडक करणारा पदार्थ. प्रकल्पात आधी सौम्य आम्ल व दाबाची वाफ देऊन ही वीण सैल करतात, मग एन्झाइमने साखर सुटी करतात, त्यानंतर यीस्टचं काम सुरू होतं. त्यातलीही झायलोज नावाची साखर साधं यीस्ट आंबवत नाही. पानिपतला 2022 मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला 1 लाख लिटर इथेनॉल आहे, तोही भाताच्या पेंढ्यावर. सरीत हे घडत नाही. आणि लॅक्टिक ॲसिड वेगळे जिवाणू तयार करतात, यीस्ट नव्हे.

खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) ठेवणार असाल तर पाचट विकू नका. एकरी 4 टन पाचटात 16 ते 20 किलो नत्र, 30 ते 40 किलो पालाश असतं. सेंद्रिय कर्ब तर पोत्यात मिळतच नाही. खोडवा ठेवायचा नसेल तरच विका, तेही वजनकाट्यावर. केंद्राची जी-वन योजना (2019) अशा इथेनॉल प्रकल्पांसाठी आहे, शेतकऱ्याला त्यात अनुदान नाही.

तोडणी झाली की पाचट सरीत दाबा, बुडखे उघडे करून जमिनीलगत छाटा, कार्बेन्डाझिम 1 ग्रॅम प्रति लिटर फवारा. टनभर पाचटाला युरिया 8 किलो, सिंगल सुपर फॉस्फेट 10 किलो, पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक 1 किलो. म्हणजे 4 टनांना 32, 40 आणि 4 किलो. बस्स. "दुप्पट युरिया टाका, लवकर कुजेल" हे दुकानदाराचं ऐकू नका. जास्तीचा नत्र उडून आणि वाहून जातो. युरिया अजिबात न टाकणंही चूक, कारण जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो.

संवर्धक युरियात कालवू नका, जिवाणू मरतात. ते कुजलेल्या शेणखतात मिसळून खतांनंतर पसरा आणि लगेच पाणी द्या. कोरड्या पाचटावर, भर उन्हात टाकलेलं संवर्धक वाया जातं. पुन्हा सांगतो: पाणी लांबणार असेल तर त्या दिवशी संवर्धक टाकूच नका.

पुढचं खत पहारीने भोक पाडूनच द्या: पहिला हप्ता 15 दिवसांच्या आत, दुसरा 135 दिवसांनी, बुडख्यापासून अर्धा फूट लांब, 10 ते 15 सें.मी. खोल. पाचटावर फेकलेलं खत मुळांपर्यंत जात नाही.