आधी प्रेसमध्ये जा, मग डिझाइन करा : प्रिंट आणि पॅकेजिंग शिकणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

प्रश्न भरपूर आलेत. बहुतेक अप्लाइड आर्ट आणि ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींचे आहेत आणि जवळजवळ सगळ्यांचं दुखणं एकच, की स्क्रीनवर झकास दिसलेलं काम छापून येताना वेगळंच काहीतरी होऊन येतं. म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो, ती खाली परत परत येईल: छापणाऱ्याशी बोलायचं ते फाईल तयार झाल्यावर नाही, डिझाइन सुरू करायच्या आधी.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टला कोल्हापुरी गुळाच्या १ किलोच्या पाकिटाचं लेबल केलं, क्राफ्ट पेपरवर (जाड तपकिरी कागदावर) छापलं. स्क्रीनवर सोनेरी केशरी होतं, आलं ते मळकट तपकिरी. प्रेसवाल्यानं शाई कमी मारली का? (विद्यार्थिनी, राजारामपुरी)

शाईचा दोष नाही गं. स्क्रीन स्वतःच्या उजेडानं रंग दाखवते. कागदावर सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार शाया पडतात, त्या उजेड शोषून घेतात आणि उरलेला आपल्या डोळ्यात येतो. त्यामुळे झगझगीत केशरी, पोपटी, चमकदार निळा हे स्क्रीनवरचे रंग या चार शायांत मिळतच नाहीत, फाईल सीएमवायके (म्हणजे याच चार शायांची) केली की ते आपोआप मरतात. म्हणून डॉक्युमेंट पहिल्यापासून सीएमवायकेमध्येच उघडायचं आणि रंग ठरवताना स्क्रीनकडे नाही तर छापलेल्या शेड कार्डाकडे बघायचं. पिवळ्या-केशरी रंगात सायन किती आलाय तेही तपास, थोडासा जरी शिरला तरी रंग मळतो. आणि सोनेरी हा रंग चार शायांतून येत नाही, त्याला मेटॅलिक शाई किंवा फॉइल लागतं.

पण तुझ्या बाबतीत खरं कारण कागद आहे. ऑफसेटची (प्लेटवरून होणाऱ्या नेहमीच्या छपाईची) शाई पारदर्शक असते, खालचा कागद तपकिरी असेल तर तो प्रत्येक रंगात मिसळणारच, आणि पांढरा म्हणून जे सोडलंयस तिथं पांढरं काही नसतंच, तिथं कागदच दिसतो. यावर एक उपाय म्हणजे खाली पांढऱ्या शाईचा थर द्यायचा, स्क्रीन प्रिंटिंगनं किंवा पांढरी शाई असलेल्या डिजिटल मशीनवर. दुसरा उपाय, जो मला गुळासाठी जास्त आवडेल, तो म्हणजे कागदाशी भांडायचंच नाही. क्राफ्टचा रंग गुळाच्या जवळचाच आहे, त्यावर एक गडद मरून आणि काळा, अशा दोनच शायांत काम कर. खर्चही कमी होतो आणि बाजारात गुळाच्या रव्यांची (ढेपांची) थप्पी लावलेली असते तसं काहीतरी अस्सल वाटतं. कुठला कागद हे डिझाइनच्या आधी ठरलं असतं तर हे सगळं आपोआपच सुचलं असतं.

प्रश्न : कोल्हापुरी चप्पलचा बॉक्स करतोय. डायलाइन (खोक्याच्या कापायच्या-दुमडायच्या रेषांचा नकाशा) नेटवरून उतरवून घेतली, पण छापून दुमडल्यावर झाकण बसेना आणि घडीवर रंग फुटला. काय चुकलं? जीआयचा (भौगोलिक मानांकनाचा) लोगो टाकला तर चालेल ना? (विद्यार्थी, मंगळवार पेठ)

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला कारण पॅकेजिंगचं सगळं गणित यात आहे.

उतरवलेली डायलाइन म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी वस्तूचं, दुसऱ्या जाडीच्या बोर्डाचं माप. तुझी चप्पल टेबलावर ठेव, जोडी एकावर एक उलटसुलट ठेवून लांबी रुंदी उंची मोज, सगळ्यात मोठ्या नंबरची जोडी घे, लहान नंबरची नको. मग बोर्ड हातात घे. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) बोर्ड साधारण ०.४ मिमी जाड असतो, ई फ्लूटचा कोरोगेटेड (आत बारीक नागमोडी थर असलेला) घेतलास तर तीच जाडी दीड मिमीच्या आसपास जाते, आणि प्रत्येक घडीला ही जाडी माप खाते. झाकण वेगळं असेल तर तळाचं बाहेरचं माप घ्यायचं आणि झाकणाचं आतलं माप त्याहून २-३ मिमी मोठं धरायचं, नाहीतर झाकण अडकतं नाहीतर फाटतं. आणि हे सगळं कॉम्प्युटरवर नाही, कटर, पट्टी आणि त्याच बोर्डाचा पांढरा तुकडा घेऊन हातानं डमी करून बघायचं, चप्पल घालून, झाकण लावून, हलवून. डमी बसली की मगच ती मापं स्क्रीनवर चढवायची. बरेच जण उलटं करतात, म्हणून डाय परत करायची वेळ येते, आणि डाय म्हणजे प्लायवूडच्या फळीत कापायची धारदार आणि घडीची बोथट पाती बसवून केलेला साचा असतो, त्यात नंतर २ मिमी इकडे तिकडे करता येत नाही.

घडीवर रंग फुटतो कारण तिथं शाईचा थर आणि कागदाचे तंतू दोन्ही ताणले जातात. गडद सलग रंग घडीवरून जाणार असेल तर लॅमिनेशन (वर पातळ प्लास्टिकचा थर) कर, नाहीतर घडीच्या जागी रंग हलका ठेव. आणि प्रेसवाल्याला ग्रेन विचार. कागदाचे तंतू एका दिशेनं धावतात, खोक्याला ते उभ्या घड्यांना आडवे, म्हणजे खोक्याभोवती गोल फिरतील असे ठेवतात, त्यानं बाजू फुगत नाहीत. ग्रेन उलटा पडला तर सगळं डिझाइन बरोबर असूनही खोकं पोट काढल्यासारखं दिसतं.

डायलाइन वेगळ्या लेयरवर, वेगळ्या स्पॉट कलरमध्ये (चार शायांखेरीजच्या स्वतंत्र रंगात) ठेव, कापायची रेष सलग आणि घडीची तुटक, आणि तो रंग ओव्हरप्रिंटवर (खालचं चित्र न कापता त्याच्यावरच छापणं) टाक, नाहीतर रेषेखालचं चित्र कोरलं जाऊन छपाईत पांढरी रेघ उमटते. कापायच्या रेषेबाहेर चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे रंग रेषेबाहेर वाढवलेला. गोंद लागणाऱ्या पट्टीवर शाई, वार्निश, लॅमिनेशन काही नको, चिकटत नाही. फक्त चित्र त्या पट्टीवर २-३ मिमी आत ने, म्हणजे पेस्टिंग थोडं सरकलं तरी कोपऱ्यात पांढरं दिसणार नाही.

अजून एक, जे कॉलेजात फारसं कुणी सांगत नाही. उलगडलेलं खोकं शीटवर किती बसतं ते बघ. आपल्याकडे २०×३०, २३×३६ इंची शीट सर्रास चालतात, त्यात मशीन पकडायला ग्रिपरची सेंटिमीटरभर जागा सोडावी लागते. तुझं खोकं एका शीटवर दोन बसतंय की थोडक्यासाठी एकच बसतंय यावर बोर्डाचा खर्च जवळजवळ दुप्पट होऊ शकतो, आणि कधी कधी उंची ५ मिमी कमी केली की काम होऊन जातं. गिऱ्हाईकाला असा हिशोब दाखवणारा डिझायनर हवाच असतो.

जीआयचं म्हणशील तर कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळालंय, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे जिल्हे येतात. पण लोगो कुणीही टाकायचा नसतो, जीआय कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असलेल्यानंच टाकायचा. तेव्हा ज्या कारागिराची चप्पल आहे त्याला आधी विचार, नोंद नसेल तर बॉक्सवर कारागिराचं नाव, गाव आणि चामडं कसं कमावलंय ते लिही, ते लोगोपेक्षा कमी नाही.

प्रश्न : मी घरगुती कांदा-लसूण चटणी विकते. भाची डिझाइन शिकते, ती पाउच करून देणार आहे. पाउचवर काय काय लागतं? सगळं मराठीत चालेल का? (कागल)

ताई, भाचीला सांगा की पाउचची मागची बाजू आधी करायची, पुढची नंतर. मागं काय बसवायचंय तेच माहीत नसलं की शेवटी सगळा मजकूर मुंगीएवढा होतो.

बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, पदार्थाचं नाव, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायची ती तारीख, सर्व करांसहित एमआरपी, प्रति ग्रॅम किंवा किलो दर, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, बॅच नंबर, घटक पदार्थ प्रमाणानुसार जास्तीकडून कमीकडे, पोषणाची माहिती, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) लोगो त्यांच्या १४ अंकी नंबरासह. चटणीत शेंगदाणे घालत असाल तर अॅलर्जीची सूचना वेगळी द्यावी लागते. वजनाच्या आकड्यांची उंची पाकिटाच्या मापानुसार नियमात ठरवून दिलेली आहे, भाचीनं तो तक्ता समोर ठेवूनच काम करावं.

भाषेचं मात्र नीट लक्षात घ्या. पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे ही माहिती देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत असावी लागते, मराठी त्याच्या जोडीला चालते, पण नुसती मराठी पुरत नाही. पुढची बाजू मराठीत झळकू द्या, मागं इंग्रजी आणि मराठी दोन्ही.

बारकोड दुकानदार मागतील. भाचीला लाल रंग वापरायचा मोह होणारच, चटणीच आहे, पण लाल रेघा स्कॅनरला दिसत नाहीत कारण बहुतेक स्कॅनरचा उजेडच लाल असतो. काळ्या रेघा, पांढरी पाटी. ईएएन-१३ (दुकानातला नेहमीचा १३ अंकी) बारकोड पूर्ण मापात साधारण ३७ × २६ मिमी असतो, ८० टक्क्यांपेक्षा लहान करायचा नाही आणि डावी-उजवीकडची मोकळी जागा कापायची नाही.

सुरुवातीला छापील पाउचच्या मागं लागू नका. त्याला सहसा प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर (छपाईचा रूळ) करावा लागतो, थोड्या मालाला ते परवडत नाही. तयार साधे स्टँडअप पाउच घ्या आणि स्टिकर लावा, पण स्टिकर कागदी नको, तेल लागलं की कागद पारदर्शक होऊन अक्षरं डागाळतात. फिल्मचा स्टिकर सांगा.

प्रश्न : इलस्ट्रेटरमध्ये मराठी टाइप केलं की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. प्रेसवाले म्हणतात कोरलमध्ये (दुसरं डिझाइन सॉफ्टवेअर) श्रीलिपीत (जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट) करून आण. (विद्यार्थी, इचलकरंजी)

प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली भारतीय भाषांचा पर्याय चालू कर आणि परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर लाव, युनिकोड फॉन्ट घे, जोडाक्षरं जागेवर येतील. श्रीलिपीतला जुना मजकूर प्रेसकडे असतो म्हणून ते तसं सांगतात, त्यांची अडचण खरी आहे, पण तू नवं काम करतोस तर युनिकोडमध्येच कर. पाठवताना अक्षरांचे आउटलाइन (फॉन्टऐवजी नुसते आकार) करून पीडीएफ दे, आणि आउटलाइन न केलेली प्रत स्वतःजवळ ठेव, कारण पत्ता बदलला की परत टाइप करत बसावं लागेल. आउटलाइन केल्यावर एकदा पूर्ण मजकूर मोठ्यानं वाच. रफार, उकार, ऱ्हस्व-दीर्घ सगळं.

देवनागरी इंग्रजीच्या त्याच पॉइंटला लहान दिसते, वर मात्रा खाली उकार, त्यामुळे ती मोठी घे आणि ओळींत जागा सोड. गडद रंगात बारीक पांढरी मराठी अक्षरं सोडू नकोस, रजिस्ट्रेशन (शाया एकमेकींवर नेमक्या बसणं) जरा हललं की शिरोरेषा बुजते.

प्रश्न : काळा रंग राखाडी का येतो? (कॉलेजचा ग्रुप)

मोठ्या काळ्या पट्ट्याला नुसता १०० टक्के काळा पुरत नाही, त्यात सायन, मॅजेंटा थोडे मिसळा, पण चारही शायांची बेरीज कोटेड (गुळगुळीत लेपाच्या) कागदावर ३०० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर शाई वाळत नाही आणि वरच्या शीटच्या पाठीला लागते. अक्षरांना मात्र नुसता काळा, ओव्हरप्रिंटवर. आणि पांढऱ्या अक्षराला चुकून ओव्हरप्रिंट लागलं तर ते छपाईत गायबच होतं, म्हणून पीडीएफमध्ये ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू करून बघा.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर जेपीजी पाठवली तर चालते का?

नाही. ती दाबून लहान करून पाठवली जाते. पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठव, फोटो छापायच्या खऱ्या मापात ३०० पीपीआय, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल.

प्रश्न : सुट्टीत प्रेसमध्ये शिकायला जायचंय, घरचे म्हणतात शाईत हात घालून काय मिळणार. कुठून सुरुवात करू? (विद्यार्थिनी, शाहूपुरी)

घरच्यांना सांग की पॅकेजिंगचं अर्धं शिक्षण तिथंच आहे. उद्यमनगरात नाहीतर तुझ्या घराजवळ जी ऑफसेट प्रेस असेल तिथं जा आणि सरळ विचार, मी कामात मधे येणार नाही, नुसती बघते. कॉम्प्युटरपाशी बसू नकोस, तो तुझ्याकडे आहेच. प्लेट मशीनवर चढताना बघ, पहिली शंभरेक शीट वेस्टेजमध्ये का जातात ते मशीनमनला विचार, मग पंचिंगला (डायनं खोकं कापतात तिथं) जा, मग पेस्टिंगच्या टेबलावर बायका हातानं खोकी चिकटवतात तिथं बस आणि चिकटवायला लाग. कुठलं खोकं त्रास देतं हे त्यांना डिझायनरपेक्षा आधी कळतं, त्यांच्याशी बोलताना वही जवळ ठेव. टाकून दिलेली शीट मागून घे, त्यावर रंगांच्या पट्ट्या, रजिस्टरच्या खुणा, ग्रिपरची बाजू सगळं वाचता येतं.

फक्त दिवाळीच्या आधीचे दिवस टाळ, तेव्हा मिठाईचे बॉक्स, अंक आणि कॅलेंडरं एकदम आलेली असतात आणि मशीनमनला जेवायलाही उसंत नसते. दिवाळी संपली की जा.