टास्कबार डावीकडेच हवाय, कुठे मिळेल?

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे, विंडोज ११ त्यावर चढत नाही. मुलगा म्हणतो मॅक घे, भाचा म्हणतो लिनक्स टाक. मी शाळेच्या स्मरणिकेचा मजकूर मराठीत टाइप करते आणि टास्कबार कायम डाव्या कडेला ठेवते. माझ्या मनाप्रमाणे कोण वागेल?
– एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, तुमची सवय अगदी रास्त आहे. जुन्या लॅपटॉपचा स्क्रीन बहुधा १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा असतो. रुंदी भरपूर, उंचीची चणचण. खालची पट्टी त्यातले ४० पिक्सेल खाते, म्हणजे मजकुराच्या एक-दोन ओळी गेल्या. विंडोज १० मध्ये ही पट्टी चारही कडांना लावता यायची. २०२१ मध्ये विंडोज ११ आली ती पट्टी तळाशी जखडूनच. मॅकचा डॉक, म्हणजे तिथली टास्कबारसारखी पट्टी, डावीकडे जातो, पण मेनूची पट्टी वरच राहते. मॅक देखणा आहे, तरी तुमच्या कामासाठी एवढा खर्च मला पटत नाही.

मी भाच्याच्या बाजूने आहे. लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार घ्या, सिनॅमन डेस्कटॉपसह (डेस्कटॉप म्हणजे पट्टी, मेनू, खिडक्या दाखवणारा भाग). पट्टीवर राइट क्लिक करून ती हव्या त्या कडेला हलवता येते. पण माझा भरवसा आहे तो वेगळ्याच कारणाने. २०११ मध्ये ग्नोम नावाच्या लिनक्स डेस्कटॉपने आपलं जुनं रूप टाकून दिलं आणि अनेकांची घडी विस्कटली. तेव्हा अर्जेंटिनातल्या एका वापरणाऱ्याने जुन्या ग्नोमचा कोड उचलून 'माटे' नावाने पुढे चालवला, तो आजही मिळतो. सिनॅमनही त्याच नाराजीतून जन्मला. कोड खुला होता म्हणून हे जमलं. विंडोजच्या जुन्या टास्कबारचं असं कुणालाच करता येत नाही, आणि ताबा कुणाचा हे मी यावरूनच ठरवतो.

मराठीसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण आराखडा मिळेल, उच्चारानुसार टाइप करायचं असेल तर कगप नावाचा. हे आराखडे साध्या टेक्स्ट फाइलीत असतात. एखादं अक्षर दुसऱ्या कळीवर हवं असेल तर भाचा ते बदलून देईल. अपडेट कधी घ्यायचे तेही तुम्हीच ठरवायचं.

मात्र स्मरणिकेची मांडणी पेजमेकर किंवा कोरलड्रॉमध्ये होत असेल, तर ती लिनक्सवर होणार नाही. तो भाग छापखान्यावर सोडा, नाहीतर त्याच लॅपटॉपवर लिनक्सच्या शेजारी विंडोजही राहू द्या.

आधी भाच्याकडून मिंटचा पेनड्राइव्ह करून घ्या. लॅपटॉप त्यावरूनच सुरू करा, इन्स्टॉल काहीच करू नका. वायफाय आणि प्रिंटर चालतो का पाहा, स्मरणिकेचं एक पान टाइप करा. नाही पटलं तर लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह काढा, विंडोज जशीच्या तशी असेल. पटलं, तर इन्स्टॉल करण्याआधी सगळ्या फाइली बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घ्या.