लिहिणाऱ्या हाताला कॅमेरा

प्रश्न : नमस्कार ताई. मी तासगावचा. बारा वर्षं एका दैनिकासाठी तालुक्याच्या बातम्या लिहितोय. आता संपादक म्हणतात, बातमीबरोबर व्हिडिओही पाठवा. वय ३८, हातात साधा मोबाईल. चांगला कॅमेरा घ्यावा की पुण्याला जाऊन कोर्स करावा? मी काढलेले व्हिडिओ मलाच बघवत नाहीत.

उत्तर : दादा, कॅमेरा आत्ता घेऊ नका. थोडे पैसे असतील तर कॉलर माइक घ्या, तारेचा चालेल. व्हिडिओ बघवत नाहीत म्हणता, पण माझा अंदाज असा की ते ऐकवत नसणार. चित्र जरा हललं तर लोक चालवून घेतात. बोलणं कळलं नाही की पुढे सरकतात.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात मी सांगलीत होते. शाळेतल्या निवारा छावणीत एक आजी भेटल्या. दावणीची म्हैस सोडून बोटीत कसं बसावं लागलं, ते सांगत होत्या. मी चार हात लांबून मोबाईलवर घेत होते, मागे जनरेटर चालू. रात्री एडिटला बसले तर आजींचे ओठ तेवढे हलताना दिसत होते, शब्द एकही लागेना. दोन दिवसांनी पुन्हा गेले. त्या बोलल्या, पण ‘म्हैस गेली’ एवढंच. पहिल्या दिवशी त्यांनी तिचं नाव घेतलं होतं. तेव्हापासून इअरफोन लावून दहा सेकंद ऐकल्याशिवाय मी मुलाखत सुरू करत नाही.

सरावासाठी तुम्हाला लांब जायला नको. हंगामात बेदाण्याच्या शेडवर जा आणि एकच काम धरा : डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून आणलेली द्राक्षं रॅकच्या जाळीवर पसरणं. दारातून पूर्ण शेड एकदा घ्या. मग जवळून हात, बोटांमधून सुटणारे मणी. मग ते हात जिचे आहेत तिचा चेहरा. मग तिच्या खांद्यामागून, तिला दिसतं तसं. दर शॉटला मनात दहा आकडे मोजा, तोवर मोबाईल फिरवायचा नाही. जवळचं हवं असेल तर झूम नको, दोन पावलं पुढे जा. क्रेट रिकामं होतानाचा आवाज अर्धा मिनिट वेगळा घेऊन ठेवा. आपण लिहिणारी माणसं बाइट, म्हणजे समोरच्याचं रेकॉर्ड केलेलं बोलणं, घेऊन परततो आणि बाइटवर टाकायला व्हिज्युअल्सच नसतात.

शेडमधल्या ट्यूबमुळे चित्रात पट्टे सरकतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून मोबाईलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड (सेटिंग स्वतः ठरवायची सोय) असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. एअरप्लेन मोड लावा, नाहीतर ऐन बाइटमध्ये फोन येतो.

मल्टिमीडिया म्हणजे तीच बातमी लिहून, वाचून आणि दाखवून तीनदा सांगणं नव्हे. ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताविषयीच्या वेबसाइटवरचा जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प पाहा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या चमूने गावोगाव फिरून लाखभर ओव्या जमवल्या. तिथे ओवीचे शब्द वाचायला मिळतात, गाणारीचा गळा ऐकायला मिळतो, आणि तिचं गाव, तिचा संसार लेखात येतो. तुम्हीही औषधांचा खर्च, किलोचा दर, हिशोब लेखातच ठेवा. व्हिडिओत आकडे डोक्यात राहत नाहीत. पण सौद्यात नमुना बघताना खाली सांडलेल्या बेदाण्याकडे शेतकरी कसा बघतो, ते दाखवा. त्यावर व्हीओ, म्हणजे आपलं निवेदन, चढवू नका.

कोर्स जरूर करा, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट (एफटीआयआय)सुद्धा छोटे अभ्यासक्रम घेते. पण आधी महिनाभर असं शूट करा. म्हणजे काय विचारायचं ते तुम्हाला माहीत असेल.

प्रश्न विचारणं तुम्हाला नव्याने शिकायचं नाही. फक्त समोरचा बोलत असताना ‘हो, हो’ म्हणायची सवय मोडा. वहीत ते उमटत नव्हतं, माइकवर उमटतं. नुसती मान हलवा, आणि उत्तर संपल्यावरही तीन सेकंद गप्प राहा.

शेडवरच्या बाईला मात्र आधी सांगा, हे कुठे दिसणार आहे. मालक हो म्हणाला म्हणजे ती हो म्हणाली, असं धरू नका. ती नको म्हणाली तर तिला विचारून फक्त हात घ्या. पहिला व्हिडिओ दीड मिनिटाच्या आत बसवा आणि संपादकांच्या आधी तिला दाखवा.