लंडन ते पॅरिस : नुसत्या विमानाच्या वेळेवर जाऊ नका

पहिल्यांदाच जाताय म्हणून सांगतो. सरळ अंतर साधारण 345 किलोमीटर, विमानाला सव्वा तास. तिकिटावर 10 ला निघून 12:15 ला पोहोचणार असं दिसलं तर गोंधळू नका, पॅरिसचं घड्याळ एक तास पुढे आहे. पण विमानतळ गावाबाहेर. शार्ल द गोल तर पॅरिसपासून 25 किलोमीटरवर. जाणं-येणं, रांगा, बॅगा यांत अर्धा दिवस मोडतो.

माझं ऐका, युरोस्टार ही रेल्वे घ्या. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनला बसलात की सुमारे 2 तास 20 मिनिटांत पॅरिसचं गार द्यू नॉर स्टेशन, थेट शहरात. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनलाच उरकते; उतरलं की बॅग ओढत सरळ मेट्रोत. आणि हो, भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसा तिकडे चालत नाही. फ्रान्ससाठी लागणारा शेंगेन व्हिसा आधी काढा, मग तिकीट.